खाण्याचा आड

खादाड हा शब्द कुणी शिवीसारखा वापरला की माझं डोकं आजही फिरतं. परवा नातसून तिच्या मुलाला म्हणाली, किती रे खादाडपणा करशील, आणि पोरगं चौथी पोळी तशीच टाकून रडायला लागलं. मी म्हटलं, बाई गं, शब्द तरी नीट निवड. तो दुसऱ्याच्या ताटात बघतोय का? नाही ना? मग हावरट नाही. पहिला घास गिळायच्या आत दुसरा कोंबतोय का? तेही नाही, म्हणजे अधाशी नाही. तो नुसता खादाड आहे आणि त्यात रडण्यासारखं काही नाही, उलट पोळी वाढ. नातसून माझ्याकडे बघतच राहिली. म्हातारीचं काहीतरी बिनसलंय असं तिला वाटलं असणार. वाटू दे. या शब्दानं माझ्या लग्नात माझ्या वडिलांची अब्रू राखली आहे, त्याला मी असा उकिरड्यावर जाऊ देणार नाही.

हे शब्द मला आईनं शिकवले. आमचं घर नागावचं, नारळी-सुपारीच्या वाडीतलं, आणि आमच्या स्वयंपाकघरात खाण्याबद्दलचे शब्द नीट पारखून घेतले जात. खवय्या आईला मुळीच आवडायचा नाही. खवय्याला दोन घास वाढा आणि दहा वाक्यं ऐका, असं ती म्हणे. अधाशी माणसाची तिला कीव यायची, कारण त्याला लहानपणी कुणीतरी उपाशी ठेवलेलं असतं. हावरट सगळ्यांत वाईट, त्याचा डोळा शेजारच्या पानावर. आणि खादाड? खादाड म्हणजे जो रोज, सगळं, भरपूर खातो, कशाला नावं ठेवत नाही आणि कुणाचं ओरबाडत नाही. तो सवयीचा माणूस. एक दिवस जास्त जेवला म्हणून कुणी खादाड होत नाही. एक दिवस कमी जेवला तर ज्याच्या घरचे घाबरतात तो खादाड. ही आईची व्याख्या, आणि ती करताना तिच्या डोळ्यांपुढे आमचे काका असत.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. लग्न झालेलं नव्हतं. तीनदा मुलगी बघायला गेले, तिन्ही वेळा पोह्यांची तिसरी बशी मागितली आणि तिन्ही वेळा परत आले. मुलगी कशी होती असं आईनं विचारलं की सांगायचे, पोह्यांत खोबरं हात सोडून घातलं होतं. चौथ्यांदा कुणी बोलावलं नाही. त्यांना त्याचं दुःख होतं की नाही देव जाणे, पण वाडी त्यांनी एकट्यानं सांभाळली. पहाटे रहाटाला बैल जुंपायचे, पाटाचं पाणी सुपारीच्या एकेका आळ्यात फिरवायचे, उतरवलेले नारळ सोलायचे, कुंपण नीट करायचे. दोन गड्यांचं काम करत आणि दोन गड्यांचं खात. वडील म्हणायचे, हिशेब चुकता आहे, कुणी काही बोलायचं नाही.

सकाळी न्याहारीला तांदळाच्या सहा भाकऱ्या, वर कालची आमटी असेल तर ती, नसेल तर पांढरा कांदा नि मीठ. दुपारी वालाचं बिरडं असलं की आई भाताचं मोठं पातेलं काढायची. थंडीत शेतात पोपटी लावायचे. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला नि वालाच्या शेंगा ठासून भरायच्या, मडकं पालथं घालून भोवती पालापाचोळा पेटवायचा. आतल्या शेंगा झाल्या की नाही हे काका दहा पावलांवरून नुसत्या वासानं सांगत, म्हणून सगळी आळी त्यांना बोलावून नेई. मग गप्पा मारता मारता त्यांच्यापुढे टरफलांचा ढीग गुडघ्याला लागे. आसपासच्या चार गावांत कुठेही लग्न-मुंज निघाली तरी काकांना वेगळं आमंत्रण यायचं. त्यांचं पान पंगतीच्या मधोमध मांडायचे. काका लाडू खायला लागले की बाकीच्यांनाही भूक लागते, असं यजमान म्हणत. एकदा चौलच्या पंगतीत त्यांनी चाळीसच्या वर लाडू खाल्ले. नक्की किती, यावर मोजणाऱ्यांची तीन मतं होती आणि तिघंही देवाची शपथ घ्यायला तयार होते.

गावातल्या शाळामास्तरांनी एकदा त्यांना गमतीनं विचारलं की तुम्हाला सगळे खादाड म्हणतात, त्याचा अर्थ तरी माहीत आहे का. काका म्हणाले, सोपं आहे. खादाड म्हणजे खाण्याचा आड. आडात कितीही ओता, आड कधी पुरे म्हणतो का? मास्तर म्हणाले, हे व्याकरणात बसत नाही. काका म्हणाले, व्याकरणात नसेल बसत, पाटावर बसतं. तेव्हापासून गाव त्यांना कधी खादाड म्हणे, कधी नुसतं आड म्हणे, आणि ते दोन्हीला ओ देत. चारचौघांत त्यांचं नाव निघायचं ते एवढ्याच कारणानं. ते त्यांना ठाऊक होतं आणि ते त्यांना आवडायचंही.

त्यांचं पोट भरलं की नाही ते कळायला आम्हा घरच्यांकडे तीन खुणा होत्या. आधी ते धोतराची गाठ सैल करत. मग पाट वीतभर मागे सरकवत. मग पानावर दोन्ही हात आडवे धरून डोळे मिटत. हा क्रम कधी चुकला नाही. गाठ सैल झाल्याशिवाय पाट हलला नाही आणि पाट हलल्याशिवाय हात आडवे आले नाहीत.

आता आईचा पोहरा सांगते. अचानक पाहुणे आले आणि अन्न कमी पडायला लागलं, तर पाहुण्यांना न कळता घरच्यांनी हात आवरता घ्यावा म्हणून प्रत्येक घराची एक खूण असते. आमच्याकडे आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायची, आडावरचा पोहरा वर घेतला का कुणी? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, त्यातला हा पोहरा. ऐकल्याबरोबर वडील ताकभातावर यायचे, लहानपणी पंगतीत असले तर मीही पोट भरल्यासारखं करायची. एक काका तेवढे बधायचे नाहीत. ते म्हणत, पोहरा राहू दे वहिनी, आधी भात आणा. पाहुण्यांना वाटे, काय गमत्या माणूस आहे.

मी बारा वर्षांची असताना अलिबागहून पाच माणसं अशीच न सांगता आली. आईनं पोहरा विचारला. वडील थांबले. काकांनी नेहमीसारखा भात मागितला, परत आमटी मागितली, आणि आईनं हसत हसत पातेलं खरवडून वाढलं. पुरुष उठल्यावर आम्ही बसलो तेव्हा तिनं मला अर्धी भाकरी दिली आणि स्वतः तळाची करपलेली खरवड ताकात कालवून खाल्ली. मी बघत होते. ती म्हणाली, काय बघतेस, मला खरवड आवडते. मला इतका राग आला की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या भाकऱ्या घेऊन मी वाडीत गेले. काका रहाटापाशी होते. फडकं त्यांच्यापुढे आदळलं आणि म्हटलं, "काका, तुम्ही खादाड नाही. तुम्ही हावरट आहात."

ते फडक्याची गाठ सोडत होते, ती सोडायची राहिली. कशावरून, एवढंच त्यांनी विचारलं. मी खरवडीचं सांगितलं. पुरुष आधी जेवून उठतात, मागं पातेल्यात काय उरतं ते कधी त्यांच्या नजरेला पडतच नाही. आड कधी आटत नाही, असंच त्यांना आजवर वाटत आलं होतं. बैल आपले आपण गरागरा फिरत होते, पाणी पाटात पडत होतं. त्या सहाच्या सहा भाकऱ्या त्या दिवशी तशाच घरी परत आल्या. आई घाबरली. त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला, सुंठेचा काढा दिला. मी काही बोलले नाही, काकाही बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी ते ओंजळभर ओले काजूगर घेऊन आले, माझ्या ओच्यात टाकले आणि निघून गेले. भाकऱ्या पुन्हा सुरू झाल्या. सवय ती सवय, ती एका शब्दानं जाते थोडीच. पण त्या धसक्यानं आईनं त्यांच्यासमोर पोहरा विचारणं सोडून दिलं. ती आपली आमची वाढणी आधीच बाजूला काढून ठेवू लागली. मी बोलले तो शब्द मात्र मला मागे घेता आला नाही. एखाद्याच्या जन्माच्या एकुलत्या एका मानाला आपण घाण लावली, हे मला त्या वयातही कळत होतं. माफी कशी मागायची ते कळत नव्हतं.

सोळाव्या वर्षी माझं लग्न ठरलं ते दिघीला. सासऱ्यांचा मचवा होता, खाडीतला माल भरून मुंबईपर्यंत जायचा. लग्न आमच्या दारात, वैशाखात. वऱ्हाड समुद्रानं रेवदंड्याला उतरणार होतं. माणसं किती येतील असं वडिलांनी पत्र घालून विचारलं, तर सासऱ्यांचं उत्तर आलं, एका मचव्याची माणसं येतील. वडिलांचा जन्म वाडीत गेला. बोट म्हणजे रेवदंड्याच्या खाडीवर माणसं पलीकडे नेणारी तरीची होडी, हेच त्यांच्या डोक्यात. होडीत दाटीवाटीनं चाळीस माणसं बसतात. वडिलांनी म्हटलं, मचवा जरा मोठा असेल, पन्नास धरू. आचाऱ्याला पन्नास सांगितली.

मचवा एकच आला. सासरे शब्दाचे पक्के. पण तो माल वाहणारा मचवा, त्यात शंभराच्या वर माणसं उतरली. बायका, पोरं, शेजारी, तांडेल, खलाशी, आणि दिघीचा एक आंधळा सनईवाला, ज्याला कुणीच बोलावलं नव्हतं. वडील बंदरावर उभे राहून माणसं उतरताना बघत होते आणि माणसं काही संपत नव्हती. त्यांनी सगळ्यांना हात जोडले, गाड्यांत बसवलं, आणि घरी येऊन आईला एवढंच म्हणाले की मचवा मोठा निघाला.

भात वाढवता आला. भाज्यांत पाणी घालता आलं, मठ्ठ्यात तर घालायचंच असतं. शेजारच्या चार वाड्यांतून केळी, नारळ, काकड्या आल्या. पण बुंदीचे लाडू कुठून आणायचे? साखर संपली होती. माणूस बैलगाडी घेऊन रेवदंड्याला धावला, पण तो परत येऊन, पाक होऊन, बुंदी पडून लाडू वळायचे म्हणजे दिवेलागण. पंगत दुपारची.

आताच्या मुलींना यात काय एवढं असं वाटेल. आमच्या वेळी लग्नात जे कमी पडलं ते मुलीला जन्मभर पुरायचं. चौलच्या एका मुलीच्या लग्नात मठ्ठा संपला, तर तिला सासरी वीस वर्षं मठ्ठाच म्हणत. तिला नातवंडं झाली तरी म्हणत. माझ्या लग्नात लाडू संपले असते, तेही विहिणींच्या पंगतीत, तर माझं काय झालं असतं ते तुम्हीच ठरवा. विहिणींची पंगत नेहमी मागून बसायची, आणि मान सगळा तिचाच.

पहिली पंगत पुरुषांची. नवरा-नवरीचं पान तिच्या टोकाला मांडायची आमच्याकडे रीत होती. मी मुंडावळ्या बांधून खाली मान घालून बसले होते. नवरीला समोर बघायची सोय नसते, पण समोरच्या ओळीची पानं, हात आणि पोटं तेवढी दिसतात. काका बरोबर माझ्यासमोर होते. त्यांच्या शेजारी नवऱ्या मुलाचे मामा.

आता हे मामा कोण, तर दिघीचे खादाड. त्यांच्याकडेही पंगतीत त्यांचं पान मधोमध मांडायचे. कुणीतरी मुद्दामच दोघांना शेजारी बसवलं होतं. वरणभात झाला आणि सासऱ्यांनी मिशीवर हात फिरवत जाहीर केलं की आता तुमचे काका नि आमचे मामा यांची पैज लागू द्या. दोन-दोन लाडू वाढत जायचे, जो आधी पानावर हात आडवा धरील तो हरला. मांडवात एकच हशा उठला. हातात सनई धरून तो आंधळा सनईवालासुद्धा जवळ येऊन बसला. तूप वाढणारे माझे वडील मधल्या मध्ये थांबले. हसले ते, पण तुपाची धार पानाबाहेर पडली.

मला कळत होतं. हे दोन आड एकदा सुरू झाले की ऐंशी लाडूंशिवाय थांबायचे नाहीत. आत ऐंशी लाडू असतील-नसतील, आणि पन्नासावर बायका अजून जेवायच्या होत्या. नाही म्हणायची सोय नव्हती. वऱ्हाडानं मागितलेला लाडू मुलीच्या बापानं नाही म्हणायचा, तर मग मांडव घालायचाच कशाला?

पहिले दोन लाडू वाढले. दोघांनी खाल्ले. पुढचे दोन वाढले. आणि स्वयंपाकघराच्या दारातून आईचा आवाज आला, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. आडावरचा पोहरा वर घेतला का हो कुणी? कुणीतरी पाहुणा कौतुकानं म्हणाला की केवढा संसार बघतात विहीणबाई, लग्नाच्या गर्दीतही पोहऱ्याची आठवण. आईनं शेवटचा उपाय म्हणून हाक मारली होती, आणि ज्याच्यासाठी मारली होती त्यानं ती हाक आजवर एकदाही ऐकली नव्हती. आता ते म्हणणार, पोहरा राहू दे वहिनी, लाडू आणा. मी मनात म्हटलं, काका, आजच्या दिवस. माझ्यासाठी.

काकांनी तिसरा लाडू खाल्ला. चौथा खाल्ला. वाढपी परात घेऊन वाकला, आणि काकांचे दोन्ही हात पानावर आडवे आले.

"पुरे," ते म्हणाले. "हरलो मी. वैशाख आहे, आमचा आड आटला."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग जो हशा उसळला तो थांबेना. आमच्या गावची माणसं तर कपाळाला हात लावून हसत होती. चार लाडवांत आड आटला! मी खाली मान घालून बसले होते, म्हणून मला जे दिसलं ते कुणाला दिसलं नाही. काकांच्या धोतराची गाठ तशीच घट्ट होती. पाट बोटभरही हलला नव्हता. माझ्या डोळ्यांतून टपकन पाणी माझ्याच पानात पडलं. शेजारून नवरा मुलगा हळूच म्हणाला, तिखट लागलं का? त्यांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

मामा तोंडातला लाडू चावता चावता काकांकडे जरा वेळ बघत राहिले. मग त्यांनीही पानावर हात धरला. वाढपी आग्रह करू लागला, तर म्हणाले की जिंकल्यावर खायचं कशाला.

विहिणींच्या पंगतीत लाडू पुरले. सासूबाईंना आग्रहानं दुसरा वाढता आला, मोठ्या नणंदेला तिसरा. आचाऱ्यानं नंतर सांगितलं, परातीत अकरा उरले होते. वडील देवापुढे जाऊन नमस्कार करून आले. आणि मांडवाबाहेर टवाळ पोरं ओरडत होती, आड आटला, आड आटला. काका हसत होते. वऱ्हाडाच्या बैलांना पाणी दाखवत होते नि हसत होते. पण पुढे किती वर्षं गावानं ते त्यांना ऐकवलं म्हणून सांगू. पंगतीच्या मधोमध असायचं त्यांचं पान हळूहळू टोकाला गेलं. वेगळं आमंत्रण यायचं बंद झालं. एक शब्द सांगितला असता तर सगळं परत आलं असतं, पण तो सांगायचा म्हणजे लाडू कमी होते हे सांगायचं. त्यांनी तो सांगितला नाही.

पाठवणीला रेवदंड्याच्या बंदरावर सगळे आले होते. मचवा ओहोटीमुळे जरा लांब उभा होता. घोटाभर पाण्यातून काकांनी मला हाताला धरून होडीपर्यंत नेलं. माझं रडणं चालूच होतं. होडीत चढवताना ते कानाशी वाकून म्हणाले, "बाय, आता सांग. खादाड की हावरट?"

म्हणजे चार वर्षं तो शब्द त्यांनी मनात ठेवला होता. मला बोलायचं होतं, पण हुंदक्यानं तोंडातून शब्द फुटेना. होडी निघाली. ते पाण्यात उभे राहिले, धोतर भिजत होतं तिकडे लक्ष नाही. मी उत्तर दिलंच नाही. सासरच्या पहिल्या वर्षी मला माहेरची जेवढी आठवण आली नसेल, तेवढी त्या न दिलेल्या उत्तराची आली. पत्रात लिहावं तर पत्र वडील मोठ्यानं वाचत. माहेरी गेले की घर माणसांनी भरलेलं. आणि काका पुन्हा तो विषय काढत नव्हते. एक बदल मात्र मला दिसला. जेवताना भात मागण्याआधी ते एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून घेत.

तिसऱ्या वर्षी मला मुलगा झाला. बाळंतपण सासरीच झालं, कारण पावसात समुद्र बंद. बारशाला नाही, पण पुढे दिवाळी झाल्यावर काका दिघीला यायचे होते, बाळाला बघायला. येणार हे कळलं त्या दिवशी मामा आमच्या ओटीवर बसून सुपारी कातरत होते. मी सहज म्हटलं की या वेळी तुमची पैज नको हं, बिचारे एकदा हरले ते पुरे. मामांनी अडकित्ता खाली ठेवला.

"तुजा काका हरला न्हाय," ते म्हणाले. "धोतराची गाठ सोडल्याबिगर कुनी हरतं व्हय?"

मामा सांगू लागले. पोहऱ्याची हाक ऐकली तेव्हाच त्यांना वास आला होता, कारण त्यांच्या घरी अन्न कमी पडलं की म्हातारी विचारायची, मांजर कोंडलं का? तुमचा पोहरा, आमचं मांजर, एवढाच फरक. मग शेजारच्या माणसाची गाठ बघितली आणि सगळं उमगलं. म्हणून त्यांनीही हात आडवा धरला. चार लाडवांवर पैज जिंकलो हे सांगायची त्यांना इतकी लाज वाटायची की दिघीत त्यांनी ती गोष्ट कधी काढलीच नव्हती. मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. आतून सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता या काय म्हणणार म्हणून मी पदर सावरून उभी राहिले. त्या म्हणाल्या, मला दुसरा लाडू कुठून मिळाला ते आज कळलं. आणि कोठीच्या खोलीत जाऊन साखरेचा डबा बाहेर काढला.

दोन दिवस आम्ही लाडू वळत होतो. सासूबाई वळत होत्या, मी वळत होते, बाळ पाळण्यात रडलं तर सासरे झोका देत होते. तीन पराती भरल्या. काका आले ते डोक्यावर नारळांचं पोतं आणि बगलेत पोपटीचं नवं मडकं घेऊन. बाळाला मांडीवर घेतलं, त्याचे गाल दाबून बघितले, खातो ना नीट, एवढीच चौकशी केली. दुपारी पानं मांडली तेव्हा मामांना शेजारी बसलेलं बघून ते जरा संकोचले. मामा म्हणाले की राहिलेली पैज आज पुरी करायची. काका म्हणाले, ती पुरी झाली, मी हरलो. पण लाडू वाढले होते. दोन वाढले, दोन खाल्ले. आणखी दोन वाढले, तेही गेले. मग मला दारातून दिसलं, काकांनी सवयीनं स्वयंपाकघराकडे एकदा नजर टाकली आणि हात हळूच पानाच्या कडेशी आणला.

मी उंबऱ्यात उभी राहिले. सासरे ओटीवर, नवरा समोर, आणि सासरच्या वडीलधाऱ्यांपुढे सुनेनं मोठ्यानं बोलायचं नसतं हे मला पक्कं ठाऊक होतं.

"वाढा हो आमच्या खादाडाला," मी म्हटलं. "पोहरा खाली सोडलाय."

काकांनी वर बघितलं. माझ्याकडे, मग माझ्यामागच्या तीन परातींकडे, मग पुन्हा माझ्याकडे. चार वर्षं आणि वर तीन वर्षं थांबलेलं उत्तर त्यांना मिळालं होतं, आणि ते त्यांनी ऐकलं हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. त्यांचा हात पानावरून उचलला गेला, कमरेकडे गेला, आणि त्यांनी धोतराची गाठ सैल केली.